अंतर्कर्णाचे विकार आणि आनुवंशिकता : डहाणू-तलासरी परिसराच्या संदर्भात

बहिरेपणा म्हटला की कानातील मळ, कान वाहणे, पडद्याला पडलेले छिद्र हीच कारणे प्रथम आठवतात. ती बाह्य व मध्यकर्णाची असतात आणि बहुधा उपचारसाध्य असतात. त्यापलीकडे, शंखाच्या वेटोळ्यासारख्या अंतर्कर्णात सूक्ष्म केशपेशी ध्वनीचे रूपांतर मज्जासंदेशात करतात. मनुष्यात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या कोणाच्या लवकर नष्ट होतात, हे पुष्कळ अंशी जनुकांवर अवलंबून असते.

१९९७ साली ‘कनेक्सिन २६’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष जन्मजात बहिरेपणाचे एक प्रमुख कारण असल्याचे सिद्ध झाले. दोष आई व वडील दोघांकडून आला तरच मूल बहिरे होते. त्यांना स्वतःला मात्र उत्तम ऐकू येत असते. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास ही शक्यता चारात एक असते. आपल्याकडे अजूनही ग्रहणात काही चिरले-कापले म्हणून मूल असे झाले, असे सुनेला ऐकवले जाते. वास्तविक दोन्ही घरांचा वाटा सारखाच असतो, आणि दोष कोणाचाच नसतो.

मात्र सर्वच बाबतींत असे नसते. पेशींतील तंतुकणिकांना स्वतःची वेगळी जनुकीय सामग्री असते व ती केवळ आईकडून मिळते. तिच्यातील १५५५ व्या स्थानी एकच अक्षर बदललेले असल्यास तेथील रचना जीवाणूंच्या रचनेसारखी होते. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन ही औषधे जीवाणूंच्या त्याच रचनेला चिकटून त्यांना मारतात. अशा व्यक्तीत ती केशपेशींवरही घाला घालतात. नेहमीच्या मात्रेने, कधी थोड्याच इंजेक्शनांनी, कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. हा संबंध १९९३ मध्ये उघड झाला.

क्षयरोगाशी दीर्घकाळ झुंजणाऱ्या आपल्या भागाला हा विषय परका नाही. पुन्हा उपचार घेणाऱ्या क्षयरुग्णांना पूर्वी दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली जात. आता ती पद्धत बंद झाली असून औषधप्रतिरोधी क्षयातही तोंडाने घ्यावयाच्या औषधांवर भर आहे. जेंटामायसिन मात्र टाळता येत नाही. डॉ. अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्यात गावातील आरोग्यदूतांनी जंतुदोष झालेल्या अर्भकांना घरीच हे इंजेक्शन दिले. नवजात काळजीच्या या संपूर्ण उपक्रमामुळे नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. बहिरेपणाच्या भीतीने ते नाकारणे म्हणजे जीव गमावणे होय. मँचेस्टर येथे सुमारे २६ मिनिटांत हा जनुकीय बदल ओळखून पर्यायी औषध निवडण्याची चाचणी नवजात विभागात वापरून पाहण्यात आली व तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या तालुक्यात असे साधन येईपर्यंत नीट विचारलेला प्रश्न हीच आपली चाचणी.

दुसरा धागा सिकलसेलचा. हा रक्तदोष आपल्या आदिवासी समाजात आढळतो. अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी अत्यंत बारीक आहे व तिला पर्यायी वाट नाही. विळ्याच्या आकाराच्या पेशींनी ती तुंबली तर एकाएकी ऐकू येईनासे होते किंवा भोवळ येते. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत रक्ततपासणी होत आहे. तपासणीत रोग आढळलेल्या व्यक्तीने असे लक्षण दिसताच, ‘उद्या पाहू’ न म्हणता, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आम्ही केसपेपर लिहिताना मुलाच्या आजोळची चौकशी आवर्जून करतो : आजी, मावशी, मामा यांपैकी कोणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले काय? हे सोपे नाही. मुलाला बहुधा वडील किंवा आजोबा घेऊन येतात, आणि आईचे माहेर कित्येकदा हद्दीपलीकडे उंबरगाव किंवा दादरा-नगर हवेलीकडे असते. म्हणून आमची विनंती आहे, की मुलाच्या आईला सोबत आणावे, तिच्या माहेरी विचारून यावे, आणि पूर्वी इंजेक्शने घेतली असल्यास जुने कागद, फाटलेले असले तरी, सोबत ठेवावेत. उत्तर ‘होय’ असेल तर आम्ही टाळावयाच्या औषधांची नावे कार्डावर लिहून देतो. हे कार्ड मुलाचेच नव्हे, त्याच्या आईचे, मावशीचे व मावसभावंडांचेही आहे. त्यांनी ते प्रत्येक दवाखान्यात दाखवावे.