पेपर देण्याआधी एक फोन करा

पडताळणीच्या टेबलावरच्या मॅडमनी माझ्या पेपरची प्रिंट हातात घेतली, लॅपटॉपवर काहीतरी ताडून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे जर्नल क्लोन आहे. खरं जर्नल फक्त छापील निघतं, त्याला वेबसाइटच नाही." मागे रांग उभी होती. माझे कान तापले. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापक पदाच्या छाननीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या नियमावलीप्रमाणे एका पेपरला 2 गुण मिळतात. ते 2 गेले आणि मुलाखतीच्या यादीतून माझं नावही गेलं.

"बघून टाकायचा ना पेपर," असं मला नंतर अनेकांनी ऐकवलं. मी बघितलं होतं! जर्नलचं नाव यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या 'केअर' यादीत होतं, आयएसएसएन अंकन् अंक जुळत होता. क्लोनवाले करतात ते हेच. छापील जर्नलचं नाव आणि नंबर उचलायचा, त्यावर वेबसाइट उभी करायची आणि पैसे गोळा करायचे.

मी पेपर दिला तो 2021मध्ये. तेव्हा पीएचडीचा थिसिस जमा करण्याआधी एक पेपर छापून यावा लागे. ती अट 2022च्या नियमावलीत गेली, पण त्याचा मला उपयोग नव्हता. येवल्यातल्या पैठणी विणकरांच्या कर्जाचे हिशेब मी दोन वर्षं घरोघरी बसून उतरवले होते. गाइड म्हणाले, "चांगल्या जर्नलला वर्ष जाईल. या नंबरवर बोल, आपल्याकडचे सगळे तिथंच टाकतात." साडेतीन हजार रुपये भरले. तिसऱ्या दिवशी स्वीकृतिपत्र आणि सर्टिफिकेट व्हॉट्सअॅपवर हजर. पेपरवर सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं. त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती.

पडताळणीनंतर त्यांना फोन केला. म्हणाले, "तू मला जर्नल नीट दाखवलंच नव्हतंस." नंबर त्यांनी दिला होता, पण तोंडी. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. हाच पेपर त्यांच्या प्रमोशनच्या फाइलला लागला होता, हे मला पुढे ऑफिसात कळलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मग मी ग्रंथालयात खऱ्या जर्नलचा अंक काढला आणि आतल्या पानावरच्या नंबरवर संपादकांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, असे फोन मला सारखे येतात. सगळे पैसे भरल्यावर करतात." दोन मिनिटांचं बोलणं. हा फोन मी आधी केला असता तर!

म्हणून सांगते. जर्नलचा पत्ता वेबसाइटवरून घेऊ नका, छापील अंकातून घ्या आणि संपादकांशी बोला. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर मागितले तर तिथंच थांबा. तीन दिवसांत स्वीकारलेला पेपर कुणीही वाचलेला नसतो. आयएसएसएन हा निव्वळ नोंदणीचा आठ अंकी क्रमांक आहे, त्यावरून दर्जा कळत नाही. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, दिला असेल तर तो उघडून पाहा.

गाइडने काही सुचवलं की त्याच संध्याकाळी ईमेल करा: "आपण सुचवल्याप्रमाणे अमुक जर्नलला पेपर पाठवत आहे." हे भांडण नव्हे, नोंद आहे. नावांचा क्रमसुद्धा लिहायला बसण्याआधीच ठरवा. नंतर तुमचा आवाज निघत नाही.

फेब्रुवारी 2025मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केली. आता जर्नल पारखायचं काम संस्थांवर आणि तुमच्यावर आलं आहे, आणि चूक निघाली की फाइल तुमचीच परत येते. बाकी घाई करू नका, भरपूर वाचा, सीनियरांना विचारत राहा.

पेपर मागे घ्यायचा म्हटलं तर त्या लोकांनी आणखी सहा हजार मागितले. मी दिले नाहीत. तोच मजकूर आता दुसरं जर्नल घेत नाही, कारण तो "प्रकाशित" आहे. विणकरांच्या घरातल्या बायकांनी डब्यातून काढून दाखवलेल्या सावकाराच्या चिठ्ठ्या, त्यांतले आकडे एका खोट्या वेबसाइटवर अडकून पडलेत. नोकरी आज ना उद्या मिळेल. त्या बायकांनी माझ्यावर टाकलेला विश्वास मात्र मला अजून सार्थ करता आलेला नाही. नव्याने आकडे गोळा करायला या दिवाळीनंतर मी पुन्हा येवल्याला जाणार आहे.