तलवार दिसली, पण घरी आल्यावर

माझं डच भाजी घेण्यापुरतं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट ऐकली की सगळे नेमकं त्यावरच येतात. माझी चूक डचची नव्हती.

आईच्या पंच्याहत्तरीला न्यायला अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका दुकानातून चांदीची लोडरेन डबी घेतली. अत्तरात भिजवलेला स्पंजाचा तुकडा ठेवायची ही डबी. नाव फ्रेंच ‘ओ द ला रेन’चा डच अपभ्रंश. दुकानदाराने स्वतः भिंग धरून तळ दाखवला: मुकुटाखाली तीन फुल्या, अ‍ॅम्स्टरडॅमचा शिक्का. झाकणावर कोरलेलं 1762. ‘अठरावं शतक, मॅडम,’ दोनदा म्हणाला. 640 युरो मोजले.

रात्री स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या दिव्याखाली डबी सहज फिरवत होते. बिजागरीजवळ कणीएवढी तलवार! पोटात खड्डा पडला. तलवारीचा सरकारी शिक्का 1814 नंतरचा. मोठ्या भांड्यावर सिंह (1 आकड्याचा म्हणजे 934 कस, 2 म्हणजे 833), मिनर्व्हाचं मुंडकं आणि वर्षाचं अक्षर येई. तेवढी जागा नसलेल्या चिमुकल्या वस्तूवर नुसती तलवार. म्हणजे सरकारी शिक्का खरा आणि फुल्या नुसत्या शोभेच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या धाटणीची चांदी हौसेने विकली जाई. ती स्खोनहोफनला घडत होती आणि जर्मनीत हानाऊलाही.

दुसऱ्या दिवशी गेले. त्याने आवाज चढवला नाही. माझ्याच पावतीवर बोट ठेवलं: ‘अठराव्या शतकाची स्टेइल’. शैली! तोंडाने शतक, कागदावर शैली. वर म्हणतो, ‘आवडली म्हणूनच घेतलीत ना?’ मी काय बोलणार?

तर, दुकानदार दाखवतो तिथे बघू नका. कड, बिजागरी आणि झाकणाची आतली बाजू बघा. दहापट भिंग आपलं न्या. झाकणावरचं साल कोणीही कधीही कोरू शकतो. बारीक कुऱ्हाड दिसली तर मात्र थांबा: जुनी वस्तू पुन्हा विक्रीला आली की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1927पर्यंत ती मारत. कारागीर शोधताना नुसत्या आद्याक्षरांवर जाऊ नका, तीच अक्षरं कित्येकांची असतात. भोवतीची चौकट आणि मधलं चिन्ह टिपून घ्या. अ‍ॅम्स्टरडॅमच्या कारागिरांसाठी कारेल सिट्रून यांचं 1975चं पुस्तक आहे. चांदी पॉलिश करू नका, शिक्के झिजतात. घाई करू नका, हे तर सगळेच सांगतात. मलाही सांगितलं होतं.

आणि पैसे देण्याआधी पावतीवर साल लिहून मागा. ‘सुमारे 1760’ एवढं लिहायला ज्याचा हात अडतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आईला डबी आवडली. ती त्यात लवंगा ठेवते. किंमत तिला सांगितलेली नाही. तुम्हीही सांगू नका.