पिस्तुलाचा नेम : सरावाची काही टिपणे

नेमबाजीचा विषय निघाला की द्रोणाचार्यांनी घेतलेली ती परीक्षा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, दिसतो तो केवळ पक्ष्याचा डोळा! वक्तृत्वस्पर्धेत हे उदाहरण शोभून दिसते. परंतु पिस्तूल हाती घेणाऱ्याने अर्जुनाचे अनुकरण केले तर त्याचा नेम हमखास ढळेल. पिस्तुलाच्या नेमबाजाने लक्ष्याकडे टक लावून पाहायचेच नसते. हे विधान विक्षिप्त वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना शिकता येण्याजोगा प्रकार म्हणजे १० मीटर एअर पिस्तूल. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. उभे राहून, एका हाताने, कशाचाही आधार न घेता स्पर्धेत ६० छर्रे मारायचे असतात. पिस्तुलावर मागे एक खाच आणि नळीच्या टोकाशी एक उभा दांडा असतो. बंदुकीच्या या पुढच्या खुणेला मराठीत ‘माशी’ असा गमतीदार शब्द आहे. माशी खाचेच्या बरोबर मध्ये यावी, दोन्हींचे माथे एका रेषेत असावेत आणि माशीच्या दोन्ही अंगांना सारखा उजेड दिसावा. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. मग स्पष्ट काय दिसावे, माशी की लक्ष्य?

याचे उत्तर शाळेतल्या समरूप त्रिकोणांत आहे. खाच आणि माशी यांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर धरा. माशी खाचेत केवळ १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर तो फरक तेहतीसपट होतो. छर्रा ३३ मिलिमीटर दूर, सहाच्या घरात जातो. याउलट माशी-खाच नीट जुळलेली राहून सगळा हातच ५ मिलिमीटर इकडे-तिकडे झाला, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि गुण दहाच मिळतात! म्हणून माशी धारदार दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर दिसले तरी हरकत नाही. कलाशाखेत आल्यावर भूमितीची गाठ पुन्हा पडेल असे मला वाटले नव्हते.

हात मात्र हलणारच. नवख्या माणसाला वाटते, हात स्थिर होईल त्या क्षणी झटकन चाप ओढावा. या झटक्यानेच घात होतो. उजव्या हाताने मारणाऱ्याचा छर्रा अशा वेळी बहुधा खाली डावीकडे जातो. चाप किमान ५०० ग्रॅम दाबाचा असावा असा नियम आहे. तो दाब हात हलत असतानाच सावकाश वाढवत न्यायचा. श्वास अर्धा सोडून थांबायचे, आणि सात-आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर हात खाली घ्यायचा. लिहायला हे सोपे आहे. चार जणी बघत असताना न मारता हात खाली घेणे फार जड जाते.

आता खर्चाचे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पिस्तूल घेऊन पुढे काय होणार, हा वडिलांचा प्रश्न रास्तच आहे आणि त्याचे पक्के उत्तर माझ्यापाशी नाही. ५०० छर्ऱ्यांचा डबा ६०च्या हिशेबाने आठ वेळा पुरतो, त्यामुळे तो जपून वापरावा लागतो. सुदैवाने या खेळातला पुष्कळसा सराव फुकट आहे. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत छर्ऱ्याविना चाप दाबण्याची सोय असते. रेंजवर कोऱ्या पांढऱ्या कागदावर रोखून तसा चाप दाबावा. माशी हलली की नाही हे तत्काळ कळते, आणि गुण दिसत नसल्याने मन भरकटत नाही. (पिस्तूल रिकामे असले तरी भरलेलेच समजावे, नळी लक्ष्याकडेच ठेवावी.) घरी मी लिटरभर पाण्याची बाटली हात लांब करून धरते. वजन जवळपास पिस्तुलाएवढेच भरते. आईला हा अभ्यास वाटत नाही. नागपूरच्या मे महिन्यात तळव्याला घाम सुटून मूठ सरकते, तेव्हा जवळ कोरडे फडके हवेच.

कागद तपासताना एकेका छर्ऱ्याचे सुखदुःख मानू नये, दहांचा झुबका पाहावा. झुबका घट्ट पण एका बाजूला पडला असेल तर मागच्या खाचेचा स्क्रू फिरवावा. छर्रे चौफेर विखुरले असतील तर स्क्रूला हात लावू नये. दोष मुठीत, नजरेत किंवा चापावरच्या बोटात असतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, आणि जादा फैरीतही बरोबरी झाल्याने पुन्हा एक फैर घ्यावी लागली. या प्रकारातील जलद फेरीत प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद आणि मध्ये ७ सेकंदांची उसंत असते. त्या उसंतीत हात खाली ठेवावाच लागतो. तीन सेकंदांत हात उचलणे, माशी जुळवणे आणि चाप दाबणे! तेथे विचाराला जागा कुठली? बोटाला जे आधी शिकवले असेल तेच होणार.

आमच्या गटात सध्या सहा मुली आणि एक पिस्तूल आहे; प्रत्येकीच्या वाट्याला वीस मिनिटे येतात. ज्या मैत्रिणींना पाहायला यायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी अवश्य यावे. छर्रे आणू नयेत, पाण्याची बाटली मात्र भरून आणावी.