पाण्यास खत घातलें असतां काय होतें?

शेतास खत घातलें असतां पीक जोमानें येतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु तेंच खत पाण्यांत गेलें असतां तेथेंही पीक येतें, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. तें पीक शेवाळाचें होय. उन्हाळ्यांत गांवचें तळें हिरवेंगार होऊन त्यास दुर्गंधी सुटली म्हणजे लोक उन्हास दोष देतात. ऊन आपलें काम करितें खरें, पण नुसत्या उन्हानें कोठेंही पीक आलेलें नाहीं. ह्या विषयीं अमेरिकेंतील एका मोठ्या सरोवराची हकीकत आम्ही देत आहों. तेथें मूळ कारण शोधण्यांत आलें, तें दूर करण्यांत आलें, आणि पाणी पुन्हां निवळलें. आणि हें सर्व वर्षानुवर्षें मोजून लिहून ठेविलें आहे.

ह्या सरोवराचें नांव वॉशिंग्टन. तें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील सिॲटल शहराच्या पूर्वेस आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें 88 चौरस किलोमीटर असून सर्वांत खोल जागीं तें 65 मीटर आहे. पाणी गोडें. विसाव्या शतकाच्या आरंभीं शहराचा कांहीं मैला सरळ ह्या सरोवरांत पडत असे; तो 1936 पर्यंत दुसरीकडे, समुद्राच्या खाडीकडे, वळविण्यांत आला. पुढें सरोवराच्या भोंवतीं नवीं गांवें वाढलीं, आणि 1941 पासून त्यांनीं मैला शुद्ध करण्याचीं आपापलीं ठाणीं बांधलीं. ह्या ठाण्यांतून निघालेलें पाणी सरोवरांतच सोडलें जाई. 1962 च्या सुमारास तें दररोज सुमारें 2 कोटी गॅलन इतकें झालें होतें.

येथें वाचकांनीं अंमळ थांबावें. हें पाणी मैल्याचें असलें तरी कच्चें नव्हतें. घाण कुजवून, गाळ बसवून तें सोडण्यांत येई. नळाच्या तोंडाशीं उभें राहून पाहणारास त्यांत फारसें वावगें दिसलें नसतें. मग बिघडलें कोठें? मैला कुजला म्हणजे त्यांतील स्फुरद व नत्र नाहींसें होत नाहीं. उलट तें पाण्यांत विरघळून वनस्पतींस आयतें उपयोगी पडतें. शेणखत मुरल्यावरच पिकास लागू होतें ना, तसेंच हें. रोगापुरतें पाणी पुष्कळ सुधारलें, पण खत या नात्यानें तें बहुतांशीं जसेंच्या तसें राहिलें.

1955 सालीं तेथील विद्यापीठांतील प्रोफेसर डब्ल्यू. टी. एडमंडसन व त्यांचे सोबती यांस ह्या पाण्यांत ऑसिलेटोरिया रुबेसेन्स नांवाचें सूक्ष्म तंतूंचें शेवाळ आढळलें. पाहतांच त्यांस धोका कळला. कारण स्वित्झर्लंडांतील झुरिक सरोवरांत हेंच शेवाळ 1898 सालीं माजलें होतें, व तेथील पाण्याची पुढें काय दशा झाली हें त्यांनीं वाचलेलें होतें. सिॲटलचे लोक अद्याप आपल्या सरोवरांत आनंदानें पोहत होते. अशा वेळीं सावध करणाऱ्याचें बोलणें गोड लागत नाहीं.

तरी तें बोलणें व्यर्थ गेलें नाहीं. जेम्स एलिस नांवाच्या एका वकिलानें व त्याच्या सोबत्यांनीं अशी योजना पुढें मांडली कीं, सर्व गांवांनीं मिळून सरोवराभोंवतीं मोठे नळ घालावे व सर्व मैलापाणी तेथून बाहेर न्यावें. मार्च 1958 मध्यें लोकांचीं मतें घेतलीं. शहरानें होकार दिला, पण शहराबाहेरील लोकांनीं नाकारलें. त्यांस अगदींच दोष देववत नाहीं. पैसा आज द्यावयाचा होता, आणि नुकसान अजून पुरतें डोळ्यांपुढें आलें नव्हतें. योजनेचें क्षेत्र कमी करून सप्टेंबरांत पुन्हां मतें घेतलीं, तेव्हां ती मंजूर झाली. 1963 पासून एकेक ठाण्याचें पाणी वळवूं लागले, आणि फेब्रुवारी 1968 मध्यें काम संपलें.

आतां फळ पाहूं. पाण्याची निर्मळता मोजण्याची रीत साधी आहे: पांढरी तबकडी दोरीनें खालीं सोडावी, व ती दिसेनाशी होते ती खोली टिपावी. 1950 च्या उन्हाळ्यांत ही तबकडी सुमारें 4 मीटरांपर्यंत दिसे. 1963 त जेमतेम 1 मीटर. 1971 च्या सुमारास ती पुन्हां 3 मीटरांखालीं दिसूं लागली. 1976 पासून डॅफ्निया नांवाचे बारीक जलकीटक सरोवरांत विपुल झाले. ते शेवाळ गाळून खातात, पण पूर्वींच्या तंतुमय शेवाळानें त्यांचें तोंड बुजत असे. त्यांच्या येण्यानें पाणी पूर्वींहूनही निवळलें.

दोष नेमका कोणाचा, ह्याचाही निकाल येथें लागला. 1963 ते 1969 ह्या अवधींत हिवाळ्यांतील पाण्यांत असणारें विरघळलेलें स्फुरद शेंकडा 28 वर उतरलें; नत्र मात्र शेंकडा 80 हून अधिक कायम होतें. शेवाळ कमी झालें तें स्फुरदाच्या मागोमाग. कपडे धुण्याच्या पुडींत स्फुरद घालणारे कित्येक कारखानदार त्या काळीं आपला माल निर्दोष ठरवूं पाहत असत. त्यांस ह्या आंकड्यांपुढें बोलणें जड गेलें.

हें सरोवर इतक्या लौकर सुधारलें ह्याचीं कारणें आहेत. तें खोल आहे, त्यांतील पाणी सुमारें तीन वर्षांत नवें होतें, आणि उपाय वेळेवर झाला. आमच्या गांवचीं तळीं बहुधा उथळ असतात. उथळ तळ्याच्या चिखलांत वर्षानुवर्षें सांचलेलें स्फुरद उन्हाळ्यांत पुन्हां पाण्यांत येतें. म्हणून बाहेरचें खत आज बंद केलें तरी हिरवेपणा लगेच जाईल अशी आशा धरूं नये. मात्र तें बंद केल्यावांचून गाळ उपसणेंही फुकट जातें. उकिरडा तळ्याच्या चढावर असल्यास पहिल्याच पावसांत त्याचा रस खालीं उतरतो. गुरें पाण्यांत उभीं राहतात तेव्हां शेणमूत तेथेंच पडतें. त्यांस काठावरील डोणींत पाणी पाजावें.

तबकडीची रीत गांवोगांवीं चालण्यासारखी आहे. वीतभर रुंदीचें पत्र्याचें झांकण पांढरें रंगवून, वजन बांधून, दर महिन्यास दुपारीं एकाच जागीं सोडावें व खोली वहींत लिहावी. पण दोन गोष्टी विसरूं नयेत. पाण्यावर निळसर हिरवी साय धरली असल्यास तें गुरांस पाजूं नये. तिच्यांतील कांहीं जातींचें विष जनावरें मारितें, व तें उकळण्यानें जात नाहीं. आणि तबकडी खोलवर दिसली एवढ्यावरून पाणी पिण्याजोगें ठरत नाहीं. पटकीचे जंतु निर्मळ पाण्यांतही असूं शकतात, आणि ते तबकडीस दिसत नाहींत.