तक्क्याची विहीर



महाडहून नात्याच्या रस्त्याने एसटीने निघालात, की सुमारे पंचवीस किलोमीटरवर रायगडाच्या पायथ्याशी पाचाड हे गाव लागते. सहलीला आलेली मुले येथे फारशी थांबत नाहीत. त्यांना गड चढायची घाई असते. तुम्ही मात्र थोडे थांबा. येथे राजमाता जिजाबाईंची समाधी आहे आणि त्यांच्या वाड्याचे अवशेष आहेत. गडावरची हवा त्यांना मानवत नसे, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याशी हा वाडा बांधला. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, पाचाडलाच त्यांचे निधन झाले.

या वाड्यात एक विहीर आहे. तिला 'तक्क्याची विहीर' म्हणतात. तिच्या काठाला टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या आहे. महाराज येथे बसत आणि पाणी भरायला आलेल्या बायकांची विचारपूस करत, असे गावातले लोक सांगतात. तक्क्या हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? तुमच्या घरातला तकिया तो हाच. उर्दूत 'तकिया करना' म्हणजे एखाद्यावर भरवसा ठेवणे. मराठीत आपण म्हणतो, आधार घेणे. शब्द एका घरातून दुसऱ्या घरी गेला, पण त्याचे काम तेच राहिले.

आज तुम्हांला मी आधाराविषयीच सांगणार आहे.

२१ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांना तर जुलै २००५ ची आठवण झाली. तेव्हा दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी आल्या होत्या.

आमच्या घरात तळमजला पाण्याखाली गेला. अम्मी, माझी दोन मुले आणि मी माळ्यावर बसून होतो. मुलांचे वडील परदेशात नोकरीला आहेत. फोन लागत नव्हता. आम्ही सगळे वाचलो. चिखल काढला, भांडी धुतली, भिजलेल्या वह्या उन्हात घातल्या. लोक म्हणाले, "शुक्र करा, जीव वाचला." मी शुक्र केलाच. पण माझे दुखणे सुरू झाले ते त्यानंतर, सगळे आवरून झाल्यावर.

पत्र्यावर पाऊस वाजू लागला, की माझी छाती धडधडे. हाताला घाम सुटे, श्वास अपुरा वाटे. रात्री तीन-चार वेळा उठून मी दारापाशी पाणी आले का ते पाही. पुढे पुढे पाऊस नसतानाही तसे होऊ लागले. मग दुसरीच गोष्ट घडली. कशातच मन लागेना. जेवण मातीसारखे लागे. वर्गात फळ्यावर अर्धे वाक्य लिहून पुढचे मी विसरून जाई. मुले हसत. मला राग येत नसे, रडूही येत नसे. काहीच होत नसे. ते सर्वांत वाईट.

पहिल्या प्रकाराला मराठीत चिंता किंवा चिंताविकार म्हणतात, दुसऱ्याला नैराश्य. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो, तो आजार नव्हे. मित्राशी भांडण झाले आणि दोन दिवस उदास वाटले, तोही आजार नव्हे. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेले राहिले, झोप-भूक बिघडली, आवडीची कामेही नकोशी झाली, आपण कुचकामी आहोत असे वाटू लागले, तर तो आजार असू शकतो. मग डॉक्टरांना दाखवले पाहिजे. मलेरियाला आपण लाजतो का?

मी मात्र लाजले. शिक्षिकेला असे काही होते, हे कुणाला सांगायचे? एक नातेवाईक म्हणाल्या, "नमाज मनापासून पढत नाहीस म्हणून असे होते." मी पाचही वेळा पढत होते. एका माणसाने ताईत दिला आणि बरेच पैसे घेतले. मी ते दिलेही. बुडणारा माणूस काडीचा आधार घेतो, ही म्हण मी तुम्हांला किती वेळा शिकवली होती!

आमच्या शाळेत मराठी शिकवायला पाचाडच्या एक बाई येत असत. त्या फार बोलक्या नव्हत्या. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रविवारी घरी या. काही बोलायचे नसेल तर नका बोलू." मी गेले. त्यांनी भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. मग आम्ही वाड्यात गेलो आणि या विहिरीपाशी बसलो. त्या दिवशी मी खरोखर काही बोलले नाही. पुढच्या रविवारी थोडे बोलले. तिसऱ्या रविवारी सगळे सांगितले, अगदी रात्री दार तपासण्याचेसुद्धा.

त्यांनी काय केले असेल, सांगा पाहू! त्यांनी उपदेश केला नाही. "धीर धरा", "असा विचारच करू नका", "लोकांचे तर घर गेले, तुमचे काय गेले?" यांतले एकही वाक्य त्या बोलल्या नाहीत. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे एकटीने ओढायचे ओझे नाही. डॉक्टरांकडे जाऊ. मी सोबत येते." दवाखान्याच्या बाकावर त्या माझ्याबरोबर दोन तास बसल्या. माझ्या जागी कुणी पाहील म्हणून मीच ओढणी तोंडावर घेतली होती. त्या मात्र निवांत शेंगा सोलत होत्या.

मानसोपचारतज्ज्ञांनी मला गोळ्या दिल्या आणि बोलण्याचे उपचारही सुरू केले. या गोळ्यांचा गुण डोकेदुखीच्या गोळीसारखा तासाभरात येत नाही, त्याला काही आठवडे लागतात, हे त्यांनी आधीच सांगितले होते, म्हणून मी टिकले. बरे वाटू लागले म्हणून आपल्याच मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, हेही त्यांनी बजावले. मी एकदा ती चूक केली. महिन्याभरात पुन्हा तीच रात्र, तेच दार. त्या दिवशी अम्मी रागावली नाही. पाण्याचा पेला आणि गोळी हातात देऊन ती माझ्या उशाशी बसून राहिली. बरे होण्याची वाट सरळ नसते. गडाच्या पायऱ्यांसारखी ती वळत जाते. कधी दोन पायऱ्या चढून एकीवर बसावे लागते.

गोळ्या घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे तुमच्या घरी कुणी म्हणाले, तर त्यांना अबू जैद अल्-बलखी यांच्याविषयी सांगा. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी बल्ख प्रदेशात हे विद्वान होऊन गेले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी अरबीत एक ग्रंथ लिहिला. शरीर जसे आजारी पडते तसेच मनही पडते, असे त्यांचे म्हणणे होते. काही दुःखांचे कारण कळते आणि काहींचे कळत नाही, हा फरक त्यांनी ओळखला होता. घरात औषधे हाताशी ठेवतो तसे चांगले विचार आधीच साठवून ठेवावेत, असा सल्लाही त्यांनी दिला. दुआ आणि दवा ही भांडखोर भावंडे नव्हेत. मी आजही नमाज पढते, तिने मन शांत होते, आणि औषधाच्या काळात मी औषधही घेतले.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या वर्गात एखादा मुलगा हल्ली गप्प असेल, खेळायला येत नसेल, डबा तसाच परत नेत असेल. त्याला 'पागल' म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा. "काय झाले?" एवढेच विचारा आणि उत्तराची वाट पाहा. त्याने सांगितलेली गोष्ट वर्गभर करू नका. पण एक गोष्ट कधीच गुपित ठेवू नका. तो "मला जगायचे नाही" असे काही बोलला, तर त्याने कितीही शपथ घातली तरी, त्याच दिवशी त्याच्या घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगा. शपथ मोडल्याबद्दल तो रुसेल. रुसू द्या.

आणि हे सगळे तुमच्याच बाबतीत घडत असेल तर? ज्याच्यापाशी तुम्ही गप्प बसू शकता असे एक माणूस शोधा. आई, मामू, टीचर, शेजारची आशाताई, कुणीही. पहिल्या माणसाने हसण्यावारी नेले, तर दुसऱ्याकडे जा. मीही आधी चुकीच्याच दारांवर गेले होते. कुणीच नसेल तर १४४१६ हा क्रमांक लक्षात ठेवा. ही 'टेली मानस' नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

पाचाडच्या बाईंकडे मी अजून जाते. गेल्या पावसाळ्यात आम्ही वाड्यात असतानाच रायगडावरून सर आली. छाती थोडी धडधडली. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. मग आम्ही दोघी एका छत्रीत, भिजत भिजत, त्यांच्या घरापर्यंत चालत गेलो.

शब्दार्थ
विचारपूस – हालहवाल विचारणे
नैराश्य – मायूसी
दरड – डोंगराचा कोसळणारा भाग
कुचकामी – निकम्मा
उशाशी – डोक्याजवळ, सिरहाने

स्वाध्याय
१. तक्क्याच्या विहिरीला हे नाव का पडले असावे?
२. पाचाडच्या बाईंनी कोणती वाक्ये बोलण्याचे टाळले? ती का टाळली असतील?
३. कोणते गुपित ठेवू नये असे लेखिका म्हणते?
४. 'बुडणारा माणूस काडीचा आधार घेतो' या अर्थाची उर्दू म्हण घरी विचारून लिहा.
५. तुम्हांला आधार देणाऱ्या एका व्यक्तीविषयी सात-आठ ओळी लिहा. हे लेखन वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती नाही.