कैरीपासून कोयीपर्यंत

वार्षिक परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे आपल्या घरांत दुसरी एक शाळा भरते. पाटा, विळी, सूप व बरणी हीं तिचीं साधनें, आणि आई किंवा आजी ही तिची शिक्षिका. त्या शाळेंतील आंब्याच्या धड्याचा आज विचार करूं.

आंब्याचें झाड काजू व बिब्बा ह्यांच्या कुळांतील आहे. देंठाचा चीक ओठांस लागला असतां कातडी पोळते, ती ह्या नात्यामुळें. म्हणून खाण्यापूर्वीं आंबे पाण्यांत भिजत घालावयाचे व देंठाकडील चीक पिळून टाकावयाचा, ही घरोघरची चाल सकारण आहे. प्रत्येक पदार्थाविषयीं असें “कां?” विचारीत गेल्यास स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच आहे, असें दिसून येईल.

प्रथम कैरी घेऊं. कैरींत पिष्ट व अम्ल अधिक, साखर थोडी. क जीवनसत्त्व सामान्यतः पिकल्या फळापेक्षां कैरींत जास्त असतें. मात्र उष्णतेनें तें बरेंच नाश पावतें. ह्यास्तव भिजविलेली हरभऱ्याची डाळ वाटून तींत किसलेली कैरी घालून केलेली आंबेडाळ, अथवा कांदाकैरीची चटणी, न शिजवितां खाण्याची रीत शहाणपणाची होय. पन्ह्यासाठीं कैरी उकडतात. एक वाटी गरास दीड ते दोन वाट्या गूळ, चवीपुरतें मीठ व वेलदोड्याची पूड घालून तो लागेल तसा गार पाण्यांत कालवितात. घामावाटे पाणी व मीठ हीं दोन्ही जातात, आणि पन्ह्यानें तीं कांहीं अंशीं भरून येतात. परंतु ऊन लागून कोणी बरळूं लागला किंवा बेशुद्ध झाला, तर पन्ह्यावर विसंबूं नये. त्यास सावलींत नेऊन अंग पाण्यानें गार करावें व तत्काळ डॉक्टरांची मदत मिळवावी. बेशुद्धाच्या तोंडांत कांहींही ओतूं नये.

आतां साठवण. लोणच्यांतील मीठ फोडींचें पाणी ओढून घेतें, कैरीचें अम्ल जंतूंस वाढूं देत नाहीं आणि वरचें तेल हवेस अडवितें. ओला चमचा बरणींत घालूं नको, असें आई बजावते, तें एवढ्याचसाठीं. त्या पाण्यानें ही तटबंदी दुबळी होते व बुरशी धरते. गुळांबा, साखरआंबा व मुरांबा ह्यांत मिठाचें काम गूळ किंवा साखर करिते. आंबोशींत तें ऊन करितें. फोडी कडकडीत वाळल्या कीं पावसाळ्यांत आमटीची आंबटाची सोय होते. मीठ, साखर व ऊन हे उपाय तीन, पण तत्त्व एकच: जंतूंना लागणारें पाणी त्यांच्या हातीं लागूं न देणें.

पुढें फळ पाडाला येतें. पिकतांना तें इथिलीन नांवाचा वायु सोडतें. गवताच्या अढींत हा वायु फळांभोंवतीं टिकून राहतो, म्हणून अढींतील आंबे लवकर पिकतात. पिष्टाची साखर होते, आंबटपणा ओसरतो. शाळेच्या प्रयोगशाळेंत कैरीच्या व आंब्याच्या फोडीवर आयोडीनचा एक एक थेंब टाकून पाहा. कैरी काळीनिळी होईल, पिकलेला आंबा होणार नाहीं. (त्या फोडी अर्थातच खाऊं नयेत.) गराचा केशरी रंग कॅरोटिनचा असून त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करितें. ह्या कामीं स्निग्ध पदार्थाचें साह्य होतें. आमरसावरील तुपाची धार केवळ चैनीची नव्हे. घाईनें फळें पिकविण्यासाठीं कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास मात्र भारतांत कायद्यानें मनाई आहे.

कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, व तो मान यथायोग्य आहे. तथापि सामान्य घरीं येते ती बहुधा रायवळाची पाटी. वाऱ्यानें गळालेल्या कैऱ्यांची आंबोशी, लहान रायवळांचें सासव, उरल्या रसाची आंबापोळी, अशा रीतीनें काटकसरी गृहिणी कांहींही फुकट जाऊं देत नाहीं. आणि कोय? हापुसाची कोय रुजविली तरी झाड मूळ गुणाचेंच निपजेल असा भरंवसा नसतो, म्हणून त्याचें कलम बांधतात. तें बांधतात रायवळाच्या कोयीपासून वाढविलेल्या रोपावर. ज्या कोया आपण उकिरड्यावर फेंकतों, तशाच एखादीच्या मुळांवर हापूस उभा असतो.

घरच्या विद्येचेंही असेंच आहे. शाळेंतील शास्त्र उत्तम खरें. परंतु मीठ किती, ऊन किती दिवस, पाक किती तारी, हें आजीच्या हातालाच ठाऊक असतें. तें कोठें लिहिलेलें नसतें, आणि तो हात थांबला कीं तें ज्ञानही जातें. म्हणून पालकांस विनंति कीं, ह्या सुटींत मुलींप्रमाणेंच मुलग्यांसही विळीपाशीं बसवावें. आणि मुलांनो, तुम्हीं एक कोरी वही घ्या. आजी “अंदाजानें घाल” असें म्हणेल. तेव्हां तिचा अंदाज वाटीनें मोजून घ्या, आणि तो पदार्थाच्या नांवासह त्या वहींत उतरून ठेवा.