पवनचक्की आणि आपली तब्येत



वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्यापासून "त्याच्या आवाजानं आजार होतात का हो?" असं काहीजण विचारतात.

कॅनडा सरकारने याची मोठी पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष मांडले. पवनचक्क्यांच्या परिसरातील १,२३८ लोकांना प्रश्न विचारले. काहींची झोपही यंत्राने मोजली. आवाज वाढला तसा लोकांचा वैताग वाढलेला दिसला. पण रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा झोपमोड यांचा त्या आवाजाशी संबंध आढळला नाही.

तेव्हा गावाजवळ पवनचक्की येणार असेल, तर घरापासून अंतर किती, रात्री आवाज किती, हे ग्रामसभेत आधीच विचारून घ्यावे. मात्र छातीत धडधडतंय, चक्कर येतेय, तर चक्कीला दोष देत घरी बसू नका. दवाखान्यात जाऊन रक्तदाब, साखर तपासा. उसाचं पान पिवळं पडलं की आपण मूळ उकरून बघतोच ना? तसंच हे.

— ऊस विकास अधिकारी